ताजं, पुन्हा ताजं

डॉक्टर बाहेर आले आणि ती, त्याची बायको, गेल्याचं त्यांनी सांगितलं तेव्हा त्याच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता, आणि त्यावर नव्या आवृत्तीचं डाउनलोड चालू होतं. पट्टी निम्म्याच्या पुढे सरकली होती. डॉक्टर बोलत होते ते त्याने नीट ऐकलं, एक शब्दही सुटला नाही, आणि तरी डोक्यात पहिला विचार आला तो हा, की आता झाकण मिटायचं नाही. मध्येच तुटलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. म्हणून तो उघडा लॅपटॉप ताटासारखा दोन्ही हातांवर धरून डॉक्टरांच्या मागोमाग आत गेला. नर्सने त्याच्यासाठी खुर्ची पुढे केली. त्याने खुर्चीवर लॅपटॉप ठेवला आणि स्वतः उभा राहिला. सासूबाई पलंगाच्या पलीकडे होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे पाहिलं. या गोष्टीची पुढे कधीतरी आपल्याला लाज वाटेल असं त्याला वाटलं होतं. वाटली नाही. तिला कुणी सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "मग? झालं का डाउनलोड?" झालं होतं. ते बसवायचं काम मात्र तिथेच राहिलं. उन्हाळा गेला, थंडी पडायला लागली, आणि नवी आवृत्ती लॅपटॉपच्या एका कोपऱ्यात, दुकानातून आणून न उघडलेल्या खोक्यासारखी पडून राहिली.

धंदा दोघांचा मिळून होता आणि तो दोन खोल्यांत चालायचा. पुढच्या खोलीत तो, मागच्या खोलीत ती, मध्ये एक भिंत, आणि भिंत अशी की पलीकडे कुणी शिंकलं तर अलीकडे ऐकू यावं. छोट्या लोकांच्या वेबसाइटी ते करत. एक दातांचा दवाखाना, एक गाडी शिकवणारी शाळा, एक वाचनालय. लोकांना जे दिसतं ते तो करायचा, जे दिसत नाही ते ती. या वेबसाइटी एका तयार सांगाड्यावर उभ्या होत्या, त्याला धंद्यातले लोक फ्रेमवर्क म्हणतात. सांगाडा बनवणारे अधूनमधून नवी आवृत्ती काढतात आणि मग जुनीची डागडुजी बंद करतात. जुन्यावर बसून राहिलं तर एक दिवस अंगाशी येतं. ती गेल्यावर शाळेने आणि वाचनालयाने समजून घेतलं, म्हणजे कुणी काही बोललं नाही. दवाखान्याला तसं करून चालण्यासारखं नव्हतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं, "सोमवारी नवीन चालू झालं तर उत्तम. नाहीतर एक मोठी कंपनी तयार सिस्टीम घेऊन दारात उभी आहे. तुमच्यावर माझा विश्वास आहे हो, पण माणसाचे दात थांबत नाहीत." तो म्हणाला, "होईल." मुद्दाम धीर आणून म्हणाला असं नाही. काम त्याला येत होतं.

कंपनीची तयार सिस्टीम आली असती तर बायकोने अर्धं लिहून ठेवलेलं पान गेलं असतं. त्याच्या दृष्टीने सगळा प्रश्न एवढाच होता, पण हे तो डॉक्टरीणबाईंना सांगू शकला नाही. तिची अक्कलदाढ एकदा भयंकर दुखायला लागली होती. गाल भोपळ्यासारखा सुजला होता, दवाखान्यात वेळ मिळत नव्हती, आणि ती गालाला बर्फाची पिशवी लावून फोनशेजारी बसून होती. नंतर कळलं की त्याच सकाळी कुणीतरी आपली वेळ रद्द केली होती आणि दवाखान्यातली खुर्ची रिकामी होती. ती एवढी चिडली की दुखणं विसरली. "आपणच केलेली वेबसाइट, आणि तिलाच कळू नये की एक खुर्ची रिकामी आहे आणि एक गाल सुजलाय?" असं म्हणून तिने ते पान लिहायला घेतलं. कुणी वेळ रद्द केली की ती वेळ आपोआप थांबलेल्यांपैकी पुढच्या माणसाला जावी, त्याला निरोप जावा. तिला ते करायला कुणी सांगितलं नव्हतं. तिने ते निम्मं लिहिलं, मग तपासण्या सुरू झाल्या, मग दवाखाना बदलला, दातांचा नव्हे, मोठा, आणि पान तिथेच थांबलं.

नवी आवृत्ती बसवायला त्याला एक दुपार लागली. जुनं काय काय बदललंय ते वाचलं, नावं बदलली, चार ठिकाणी मोडलं ते जोडलं, तिचं अर्धं पान जसं होतं तसं नव्या सांगाड्यात उचलून ठेवलं, आणि लॅपटॉपवर वेबसाइट पहिल्या फटक्यात उभी राहिली. हाताला सवय होती, हात विसरले नव्हते. मग त्याने ते सगळं तिच्या मशीनवर पाठवून दिलं. चाचणीची प्रत नेहमी तिच्याच मशीनवरून चालायची, आणि दवाखान्यातल्या काउंटरवरच्या बाई तिथून ती उघडून पाहायच्या. ती असतानाची पद्धत होती, ती बदलायची काही गरज त्याला वाटली नव्हती. मशीन मागच्या खोलीत टेबलाखाली चालूच असायचं. त्या खोलीत आता सासूबाई राहत होत्या. त्या आल्या होत्या लेकीच्या आजारपणात, आणि नंतर जायचा विषय त्यांनी काढला नाही, त्यानेही काढला नाही. एकाच घरात दोघं एकमेकांना सांभाळून असत, म्हणजे फारसं बोलत नसत. ती पाठवापाठवी करून झाली त्या रात्री त्याला बऱ्याच महिन्यांनी सलग झोप लागली. काम केल्याची झोप, असं तो समजला. दुसऱ्या रात्रीही लागली. भिंतीपलीकडून बारीक घूं असा आवाज येत होता, तो त्याने ऐकला होता, पण तो इमारतीच्या पाण्याच्या पंपाचा असावा असं धरून चालला होता. पंप दुसऱ्या बाजूला आहे हे त्याला माहीत होतं.

मग काउंटरवरच्या बाईंचा फोन आला. या बाईंचा आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागे. ती त्यांना लाउडस्पीकर म्हणायची.

"अहो, ते नवीन पान नुसतं फिरतंय!"

"फिरतंय म्हणजे?"

"गोल फिरतंय. मी एका पेशंटला आत पाठवून आले, एकाला बाहेर काढून आले, तरी फिरतंयच."

"माझ्याकडे फटकन उघडतंय."

"तुमच्याकडे उघडून आम्हाला काय उपयोग? दात इथे दुखतायत."

तो उठला आणि मागच्या खोलीचं दार लोटलं. आधी उबदार हवा अंगावर आली. बाहेर कडाक्याची थंडी, पुढच्या खोलीत तो दोन स्वेटर घालून बसलेला, आणि इथे अंथरुणातून नुकतंच कुणी उठावं अशी ऊब. मग आवाज. पंप नव्हता. टेबलाखालचं काळं मशीन सगळे पंखे लावून घुमत होतं, चढावर चढणाऱ्या गाडीसारखं, आणि त्याच्या पाठीमागच्या जाळीवर, कागदाला लावायच्या चिमट्यांनी अडकवलेले, सासूबाईंचे लोकरीचे मोजे वाळत होते. सासूबाई तिच्या खुर्चीत पेपर वाचत होत्या.

"आई, हे केव्हापासून?"

"काय केव्हापासून?"

"हा आवाज."

"आवाज होय." त्यांनी पेपरची घडी केली. "येतोय थोडे दिवस."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंत का?"

"आणि हे काय?"

"मोजे आहेत."

"ते दिसतंय मला."

"मागून गरम हवा येते. बाहेर ऊन कुठंय? नुसती वाया जात होती."

त्याने मोजे काढून त्यांच्या हातात दिले आणि गुडघ्यावर बसून मशीनवर तळहात ठेवला. पत्रा भाजण्याइतका तापला होता. तळहात तिथे ठेवला तेव्हा त्याला तिच्या कपाळाची आठवण झाली, ताप मोजायच्या आधी तो असाच हात ठेवायचा, आणि ती म्हणायची, "काय, यंत्राने नाही कळत का तुला?" पण त्याने ती आठवण फार वेळ हाताखाली राहू दिली नाही. तो उठून तिच्या पडद्यापुढे उभा राहिला, कारण खुर्चीत सासूबाई होत्या. वेबसाइट चालू असली की तिच्या पाठीमागे काही कामं गुपचूप चालू असतात. एक जण फाइलींवर नजर ठेवतो, फाइल बदलली की दुसरा पानं पुन्हा बांधतो, तिसरा चित्रं लहान करतो. या प्रोसेस धड चालू असतात तोवर त्या आहेत हेही कुणाला कळत नाही. घरातल्या कामांसारखंच ते, न झाली की दिसतात. आता पडद्यावर त्यांची रांग लागली होती. एकाच नावाची प्रोसेस, एकीखाली एक, एकीखाली एक, पडदा संपला तरी रांग संपेना. त्याने एक मारली. तिच्या जागी दोन उभ्या राहिल्या. त्याने सगळ्या एकदम मारल्या, तेव्हा पंखे मंदावले, आवाज उतरत उतरत गेला, आणि खोलीत एकदम कान भरून शांतता झाली. सासूबाईंनी मान वर केली. "बंद का केलंत?" त्या पटकन म्हणाल्या, तव्यावरचं काही कुणी अर्धं काढून घेतल्यासारख्या. तो काही बोलायच्या आतच मशीनने आपणहून पहिली प्रोसेस पुन्हा उभी केली, कारण पडलं तर परत उठायचं असं तिनेच त्याला शिकवून ठेवलं होतं, आणि पंखे पुन्हा घुमायला लागले. सासूबाईंनी पेपर पुन्हा उघडला.

त्याला भीती वाटली नाही. उलट फार दिवसांनी बरं वाटलं. समोर जे होतं त्याला कारण होतं, एवढं नक्की होतं. तिच्या आजारपणात तो निरनिराळ्या टेबलांपुढे बसून माणसांना विचारत आला होता, हे कशामुळे झालं, आणि माणसं, चांगली माणसं, शिकलेली, दयाळू, तिचे एक्स-रे उजेडात धरून म्हणत, की नेमकं सांगता येत नाही, कधी कधी कारण सापडत नाही. त्याला ते कधीच पटलं नाही, आणि खोटंही ठरवता आलं नाही. एकदा तो अशाच एका टेबलापुढे चढ्या आवाजात म्हणाला होता, "काल नव्हतं आणि आज आहे, म्हणजे मध्ये काहीतरी बदललं असणार ना?" तिने टेबलाखालून त्याचा गुडघा दाबला होता. बाहेर आल्यावर म्हणाली, "अरे, मी वेबसाइट आहे का?" दोघं जिन्यावर उभं राहून हसले होते, लोक बघत होते. पण इथे तोच प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. काल नव्हतं, आज आहे, मध्ये काहीतरी बदललंय. ते शोधायचं. त्याने पुढच्या खोलीतून स्टूल आणलं आणि सासूबाईंच्या शेजारी बसला.

मास्तरचा फोन मध्येच आला. मास्तर म्हणजे ते दोघं जिथे भेटले त्या ऑफिसातला त्यांचा जुना सोबती. कुणी न विचारता शिकवतो म्हणून तिने त्याला ते नाव दिलं होतं. त्याने काय झालंय ते मास्तरला सांगितलं आणि फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"नवी आवृत्ती बसवलीस आणि प्रोसेसचं पीक आलं, बरोबर? आणि तिचं अर्धवट पान त्यात घेतलंस, बरोबर? मग यात शोधायचं काय आहे? तेच पिल्लं घालतंय. अर्धवट कोड नव्यात घ्यायचा नसतो, हे तुला मी सांगायचं?"

"ते पान नाहीये."

"कशावरून?"

"ते चालूच होत नाही. दार आहे, पण दाराला रस्ता नाही. अजून कुणी त्याला हाकच मारत नाही."

"बाबा रे," मास्तरचा आवाज उतरला, "मला कळतं तुला ते ठेवायचंय. मी असतो तर मीही ठेवलं असतं. पण सोमवार आहे. काढून टाक, दवाखाना वाचव, मग सावकाश बघ."

"मला ठेवायचंय म्हणून मी म्हणत नाही. ते पान नाहीये."

बोलताना त्याच्या मनात आलं की मास्तर म्हणतो ते खरं निघालं तर? लोक कीव करतात तेव्हा बहुधा बरोबर असतात, हे या वर्षात त्याने पाहिलं होतं. त्याने वाद घालायचं सोडलं. तिचं पान काढून बाजूला ठेवलं, फेकलं नाही, नुसतं उचलून दुसरीकडे ठेवलं, घर झाडताना शाईची दौत उचलून ठेवावी तसं, आणि सगळं मारून पहिल्यापासून सुरू केलं. रांग वाढायला लागली. तसूभर फरक नाही. त्याने पुन्हा केलं. पुन्हा रांग. तो स्टुलावर ताठ झाला.

"ऐकतोयस का मास्तर? पान बाहेर आहे. पीक तसंच आहे."

मास्तर म्हणाला, "असेल बाबा. मग काय आहे?"

"ते आता सांगतो," तो म्हणाला, आणि त्याने तिचं पान परत जिथल्या तिथे ठेवलं. पाठीवरून कुणीतरी हात फिरवल्यासारखं त्याला वाटलं. सासूबाई पेपरच्या कडेवरून पाहत होत्या. "सुटली ती?" त्यांनी विचारलं. आळ पानावर होता, त्यांनी तो लेकीवरचा धरला होता. "सुटली," तो म्हणाला.

पुढचं सोपं होतं. लॅपटॉपवर होत नाही आणि तिच्या मशीनवर होतं, म्हणजे तिच्या मशीनवर असं काहीतरी आहे जे लॅपटॉपवर नाही. आणि पानं सारखी बांधली जातायत, म्हणजे नजर ठेवणाऱ्याला सारखी कुठलीतरी फाइल बदललेली दिसतेय. त्याने नजर ठेवणाऱ्याला सांगितलं, काय दिसतं ते बोलून दाखव. पडद्यावर ओळी यायला लागल्या. बदलली: ताजं. बांधतोय. बदलली: ताजं. बांधतोय. बदलली: ताजं. तो त्या ओळींकडे बघत राहिला आणि मग मोठ्याने हसला. फोनमधून मास्तर ओरडत होता, "काय झालं? अरे काय झालं?" सासूबाईंनी पेपर खाली ठेवला.

हे ताजं त्यांच्या भांडणातून आलं होतं. धंद्याच्या सुरुवातीला दिवसातून दहादा तेच. तो पुढच्या खोलीतून ओरडायचा, "बदललंस का?" ती मागून, "बदललंय की!" "मला जुनंच दिसतंय." "तुझ्या डोळ्यांना जुनंच दिसतं." "अगं, खरंच जुनं आहे, ये बघ." "मी नाही येणार, तू ये." मग कुणीतरी उठायचं, आणि ज्याची चूक निघायची त्याने चहा करायचा. दोघांनाही खरं म्हणजे कळत नसे की आपण पाहतोय ते पान आत्ताचं की मघाचं. एक दिवस चहा त्याच्यावर लागोपाठ आला आणि तो रुसला. दुसऱ्या दिवशी चाचणीच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक शिक्का आला: ताजं, आणि पुढे पान बांधल्याची वेळ. प्रत्येक वेळी पानं बांधली की तिचं मशीन एका छोट्या फाइलीत नवी वेळ लिहायचं, तोच हा शिक्का. भांडणं मिटली. मग नुसती हाक यायची, "ताजं?" आणि उत्तर, "ताजं." पुढे पुढे स्वयंपाकघरातही तेच झालं, अंथरुणातही. तो नवा शर्ट घालून उभा राहिला की ती वरपासून खालपर्यंत बघून म्हणायची, "ताजं." एकदा चुकून तो शिक्का दवाखान्याच्या खऱ्या वेबसाइटवर गेला, तेव्हा लाउडस्पीकरबाईंचा फोन आला होता, "अहो, ताजं म्हणजे काय? पेशंट विचारतायत, दात ताजे बसवून मिळतात का!" ती हसून हसून जमिनीवर बसली होती. ही तीच जमीन, हेच टेबल.

जुना सांगाडा ठराविक फाइलींवरच नजर ठेवायचा. तिने शिक्क्याची फाइल त्याच्या नजरेआड पण त्याच फोल्डरात ठेवली होती, आणि तेव्हा ते बरोबर होतं. नवा सांगाडा हुशार, तो फोल्डरातल्या सगळ्याच फाइलींवर नजर ठेवतो. पानं बांधली, शिक्का बदलला. शिक्का बदलला, काहीतरी बदललं असं त्याला वाटलं, पुन्हा पानं बांधली, पुन्हा शिक्का. आधीचं बांधून व्हायच्या आत पुढचं सुरू, आणि प्रत्येक जण आपापल्या मदतीला आणखी माणसं बोलावतोय. चूक तिची नव्हती, त्याची नव्हती, सांगाड्याचीही नव्हती. दोन ठीक गोष्टी एकमेकींना चिथावत होत्या. हे त्याने मास्तरला सांगितलं. मास्तर आधी "वा" म्हणाला, मनापासून म्हणाला, आणि मग शिकवण्याच्या ओघात, "मग शिक्काच काढून टाक ना. एक ओळ. आता ताजं की शिळं विचारायला आहे कोण—" असं बोलून थांबला. फोनमध्ये गाड्यांचे आवाज यायला लागले. तो रस्त्यावर उभा असावा.

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"कळलं मला तुला काय म्हणायचं होतं."

"माझं तोंड म्हणजे..."

"राहू दे रे. बरोबर आहे तुझं. विचारायला कुणी नाही."

फोन बंद करून तो बसून राहिला. मास्तरचं खरंच बरोबर होतं. शिक्का काढला तर पुन्हा कधी हा त्रास नाही. पडद्यावर दवाखान्याचं पान उघडं होतं आणि तळाशी तिची बारीक अक्षरं सारखी लवत होती, ताजं, ताजं, वेळ पुढे, वेळ पुढे. सासूबाईंच्या खुर्चीतून ते बरोबर समोर दिसत होतं. "आई, तुम्ही हे बघत होतात?" त्याने विचारलं. त्यांनी मोज्यांची जोडी लावली, उलगडली, पुन्हा लावली. "मला माहीत आहे ती नाही ते," त्या म्हणाल्या. "डोकं ठिकाणावर आहे माझं. पण ती काम करत असली की असाच आवाज यायचा. मी दुपारी इथे पडायचे आणि ती टकटक करत असायची, हे खाली घूं करत असायचं. आवाज यायला लागला, मला झोप लागायला लागली. मोजे नंतर." तो ऐकत होता आणि स्वतःच्या झोपेचा विचार करत होता. पंप दुसऱ्या बाजूला आहे हे आपल्याला माहीत होतं. भिंतीच्या दोन बाजूंना दोघं मूग गिळून, त्याच आवाजाच्या आधाराने झोपत होतो, आणि मशीन बिचारं स्वतःला जाळत होतं. असंच चालू राहिलं असतं तर ते महिन्याभरात गेलं असतं. हे त्याने त्यांना सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "याला त्रास होतोय, आई. थांबवायला हवं."

"थांबवा मग," त्या म्हणाल्या. "मी कुठे नको म्हणतेय? तुम्हाला येतं ना ते?"

"येतं."

त्याने शिक्का काढला नाही. शिक्क्याची फाइल उचलून फोल्डराच्या बाहेर, नव्या सांगाड्याची नजर पोचत नाही अशा जागी ठेवली, आणि पानाला ती जागा सांगितली. एका ओळीचं काम. मग सगळ्या प्रोसेस शेवटच्या मारल्या आणि वेबसाइट सुरू केली. मशीनने एकदा पानं बांधली. तळाशी आलं, ताजं, आणि पुढे आत्ताची वेळ. दोघं बघत राहिले. वेळ हलली नाही. पंखे एक एक पायरी उतरल्यासारखे खाली आले, मग पत्र्याचा बारीक कट् कट् असा निवण्याचा आवाज, मग तोही नाही. खोली नुसती खोली झाली. रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. सासूबाईंनी हातातल्या मोज्यांकडे पाहिलं. "आता हे कुठे वाळवायचे?" त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते हसू होतं की दुसरं काही, हे दोघांनाही लगेच ठरवता आलं नाही. शेवटी ते हसूच निघालं.

त्याने पुढच्या खोलीतून आपली खुर्ची आणली, मग लॅपटॉप आणला, मग दिवा आणला. "इथे बसणार?" सासूबाईंनी विचारलं. "तिच्याच मशीनवर करतो काम. मी काम केलं की आवाज येईल. थोडा कमी येईल." "येऊ दे येईल तेवढा," म्हणून त्या पलंगावर जाऊन आडव्या झाल्या आणि पांघरूण ओढून घेतलं. त्याने काउंटरवर फोन लावला आणि हात लांब करून धरला. "थांबलं हो फिरायचं!" बाई म्हणाल्या. "फटाफट उघडतंय. सोमवारी चालू करायला काही हरकत नाही, मी मॅडमना सांगते. पण ते रद्द झालेल्या वेळांचं काय? मॅडम म्हणतायत, होत नसेल तर पानच काढून टाका." "काढायचं नाही," तो म्हणाला. "त्यात बिघाड नाही. मी तपासलंय." "बरं बाई, मी करते तोपर्यंत फोन. आवाज आहेच मला देवाने दिलेला."

मग त्याने तिचं पान उघडलं. तिने लिहिलं होतं, जर कुणी वेळ रद्द केली, तर. आणि खाली रिकामी जागा, आणि अगदी तळाशी बंद करायचा कंस, कारण ती कंस नेहमी आधी बंद करून ठेवायची आणि मग आत लिहायची. त्या रिकाम्या जागेत कर्सर लवत होता. तिने तिथे काय लिहिलं असतं ते त्याला साधारण माहीत होतं. आपण ते तिच्यासारखं लिहिणार नाही, आपल्यासारखं लिहू, आणि ते चालेल, हेही त्याला माहीत होतं. पाठीमागे सासूबाईंचा श्वास संथ व्हायला लागला होता. सोमवारी दवाखान्याची वेबसाइट नव्या सांगाड्यावर चालू होईल. रद्द झालेली वेळ पुढच्या माणसाला देणारं पान अजून अर्धंच आहे. ते पुरं करायचं राहिलं आहे.